जुने पार्ट परत हवेत का?

सर्व्हिसिंगला गेलेली गाडी गुरुवारी संध्याकाळी परत आली, तेव्हा वैजयंताबाई इंगवल्यांचा नवराही बदलून आला होता.

तो गाडीतून उतरला, दार अलगद लावलं, चपला जोडीनं कडेला ठेवल्या आणि पायरी चढून उंबऱ्याशी उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत त्याला पारदर्शक प्लास्टिक होतं, नव्या गाडीच्या सीटला असतं तसं. उंची तीच, मिशी तीच, निळ्या चौकड्यांचा शर्टही तोच. फक्त पायरी चढताना डावा गुडघा वाजला नाही. जयवंतरावांचा गुडघा एकोणतीस वर्षं वाजत होता आणि त्या आवाजावर वैजयंताबाई चहाचं आधण ठेवत.

अशा वेळी शहाणी बाई दार लावून घेईल. पण वैजयंताबाईंच्या माहेरची एक रीत होती, आणि रीत हातात असते, डोक्यात नसते. गॅरेजमधून गाडी घरी आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं. त्यांनी गाडीवरून तुकडा ओवाळला. मग हात थांबेना म्हणून नवऱ्यावरूनही ओवाळला. कुंकवाचं बोट त्याच्या कपाळावरच्या प्लास्टिकवर टेकवलं. पायापुढे लिंबू ठेवलं, ते त्यानं बरोबर मधोमध चिरडलं आणि घरात आला.

"आपल्याशी जोडलं गेल्याचा आनंद आहे," तो म्हणाला.

कोल्हापुरात कुणा नवऱ्यानं बायकोला असं काही म्हटल्याचं ऐकिवात नाही. वैजयंताबाईंनी त्याला पाणी दिलं आणि गाडीतलं जॉबकार्ड काढून वाचलं. तक्रार : डाव्या आरशाचं बटण अडकतं. केलेलं काम : ड्रायव्हर साइड असेंब्ली पूर्ण बदलली.

यात त्या सर्व्हिस सेंटरचं तसं काही चुकलं नव्हतं. नव्या गाड्यांत काही दुरुस्त होतच नाही. बटण दाराला चिकटवलेलं, दार खांबाला, खांब सीटला, आणि सीटवर जयवंतराव पट्टा लावून मोबाइल बघत बसलेले. म्हणजे तेही असेंब्लीत आलेच. दुसरा कुणी असता तर उतरून चहाला गेला असता. पण जयवंतरावांना गाडीतला गारवा सोडवत नसे.

शुक्रवारी दुपारपर्यंत नव्या जयवंतरावांचा स्वभाव समजला. जेवायला बसताना खांद्यावरून रुमाल आडवा घेतला नाही तर ते टिंग टिंग वाजत. मागे सरकले की त्यांच्या पोटातून रिव्हर्सचं गाणं लागे. वैजयंताबाई घरात जिथे जातील तिथे ते तीन पावलांचं अंतर राखून मागे येत, ना कमी ना जास्त. अकराच्या सुमारास अंगणात उभ्या उभ्या थांबले. डोळे उघडेच. "अपडेट होत आहे. कृपया बंद करू नका," एवढं बोलून चाळीस मिनिटं तसेच. एक कावळा खांद्यावर बसून, इकडेतिकडे बघून, कंटाळून उडून गेला.

मग वैजयंताबाईंनी तांबडा रस्सा वाढला. नव्या जयवंतरावांनी वाटीकडे पाहिलं.

"हे इंधन शिफारस केलेलं नाही," ते म्हणाले.

इथे वैजयंताबाईंचा धीर सुटला. त्यांचा नवरा काही रत्न नव्हता. तो रस्सा भुरकताना शेजारच्यांना ऐकू जाई. घसा खाकरल्याशिवाय त्याला जिना चढता येत नसे. कशालाही "असू दे की" म्हणून मोकळा होई. सात वर्षांत तीन गाड्या बदलल्या त्यानं, का, तर नवीत पडदा मोठा येतो. पण ते सगळं भुरकणं, खाकरणं आणि असू दे की त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांना तोच माणूस हवा होता. वाटी पुढ्यात तशीच ठेवून त्या मनापासून रडल्या, आणि नव्या जयवंतरावांनी आपोआप वायपर लावावा तसा हात त्यांच्या चेहऱ्यावरून दोनदा फिरवला.

कंपाउंडच्या भिंतीवरून शैलावहिनी सगळं बघत होत्या. शैलावहिनी म्हणजे शेजारच्या, गल्लीतल्या पहिल्या ऑटोमॅटिक गाडीच्या मालकीण.

"त्यात रडायचं काय, वैजयंताताई? आमचे हे तर तिसरे. पहिले दोन मला आठवतसुद्धा नाहीत."

"तुम्हाला चालतं?"

"मायलेज वाढलं की हो! दोन चपात्यांत दिवस काढतात." त्या उन्हात वळल्या तेव्हा त्यांचा गाल चकाकला. "तेवढं प्लास्टिक काढू नका हं. रंग जातो."

शनिवारी सकाळी वैजयंताबाई नव्या जयवंतरावांना घेऊन सर्व्हिस सेंटरला गेल्या. हायवेला लागून असलेली ती काचेची इमारत. आत सलगर नावाचे गृहस्थ बसतात. टाय लावतात आणि हसतात.

"मला हे नकोत," वैजयंताबाई म्हणाल्या. "माझे जुने द्या."

सलगरांनी वाकून नव्या जयवंतरावांचं कपाळ पाहिलं. "मॅडम, प्लास्टिकवर कुंकू आहे."

"मग?"

"ओवाळलेला माल परत घेत नाही आम्ही. ओवाळलं म्हणजे स्वीकारलं. अटींच्या पान चारवर दिलंय."

हे बोलताना त्यांचं टेबल हातभर लांब झालं. वैजयंताबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"मी माझ्या हातानं ओवाळलं हे खरं, पण ते सवयीनं."

"इथले बरेच लोक सवयीनंच ओवाळतात, मॅडम. म्हणून तर ते पान घातलं."

टेबल आणखी लांबलं. सलगर आता खिडकीपाशी गेले होते.

"ते राहू द्या. मग जुना पार्ट तरी द्या! आमच्या आबांनी आयुष्यात कधी जुना पार्ट गॅरेजवाल्याकडे सोडला नाही. घासलेलं बेअरिंगसुद्धा रुमालात बांधून घरी आणायचे."

"सरांना विचारलं होतं, मॅडम." सलगरांनी एक कागद टेबलावरून सरकवला. तो बराच वेळ सरकत आला. 'जुने पार्ट परत हवेत का?' या ओळीपुढे दोन चौकटी होत्या आणि 'नकोत'वर खूण होती. खाली जयवंतरावांची सही, चष्म्याशिवाय केलेली, त्यामुळे ओळीबाहेर गेलेली. या माणसानं कुठलाच कागद वाचून सही केली नव्हती. लग्नाच्या नोंदणीचाही नाही.

"कुठे ठेवलेत त्यांना?" वैजयंताबाईंना आता ओरडावं लागत होतं.

"यार्डात! गोकुळ शिरगावच्या पुढे! आज चारला प्रेस आहे!"

"प्रेस म्हणजे?"

"दाबतात, मॅडम!" खूप लांबून सलगरांनी दोन हात उंचावून आकार दाखवला. पिठाच्या डब्याएवढा होता.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्या धावत गाडीत येऊन बसल्या आणि यार्डाचा पत्ता सांगितला. पडद्यावर एक चक्र फिरलं. "असं ठिकाण अस्तित्वात नाही," गाडी म्हणाली. चारी दारं आतून बंद झाली. सीट एक बोट पुढे सरकली, मग आणखी एक बोट. गुडघे डॅशबोर्डला टेकले. वैजयंताबाईंनी बॉनेट उघडायचा खटका शोधला, तर खटका नव्हताच. या गाडीचं बॉनेट कारखान्यातच चिकटवून देतात, म्हणजे ग्राहकाला काळजी नको. गाडीनं त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध, सिग्नल पाळत, घरी आणून सोडलं. वाटेत शेजारच्या सीटवरून नवे जयवंतराव म्हणाले, "आपला प्रवास कसा वाटला? एक ते पाच."

आता एकच मार्ग उरला होता, आणि तो परसात ताडपत्रीखाली उभा होता.

ती आबांची टू-सीटर. वैजयंताबाईंच्या वडिलांची उद्यमनगरात फाउंड्री होती. एका संस्थानाचं गॅरेज रिकामं झालं तेव्हा त्यांनी ती आणली. त्या वेळीच ती पंचवीस वर्षांची होती. गडद हिरवा रंग, लांबलचक बॉनेट, तारांची चाकं, पुढे दोघांपुरती कातड्याची बैठक आणि वाऱ्याला अडवायला टीचभर काच. आबा तिला तिसऱ्या गिअरमध्ये पन्हाळ्यावर चढवत. बस मागे राहिली की मागे वळून न बघता फक्त मिशीवरून बोट फिरवत. तिचं जे झिजलं ते आबांनी लेथवर नवं काढून घेतलं, जे तुटलं ते जोडलं. "जी वस्तू उघडता येत नाही ती आपली नव्हं," असं ते म्हणत, आणि रविवारी बैठक टाकून अख्खं इंजिन उघडून बसत. आत सगळं डोळ्यांना दिसे. कशामुळे काय फिरतं ते अकरा वर्षांच्या पोरीलाही कळे.

अकराव्या वर्षीच पन्हाळ्याच्या चढावर गाडी तापली तेव्हा वैजयंतानं आबांचं न ऐकता रेडिएटरचं टोपण उघडलं होतं. वाफेनं मनगट चांगलं भाजलं. आबांनी फुंकर घातली आणि हसून म्हणाले, "चला, वळख झाली. आता ही गाडी तुझी." त्या दिवशी दुखत असूनही तिला जे वाटलं होतं, ते पुढे पदवी मिळाली तेव्हाही वाटलं नाही आणि अंगावर शालू आला तेव्हाही नाही.

डाग मात्र अलीकडे दिसेनासा झाला होता. कोरफडीचा गुण उशिरा आला असेल, असं वैजयंताबाई स्वतःला सांगत. चौपन्नाव्या वर्षी त्यांचे गुडघे दुखत नव्हते, चष्मा लागत नव्हता, तेही कोरफडीच्या खात्यात. फक्त एक गोष्ट खटके. गेली तीन वर्षं टू-सीटर त्यांच्या हातानं सुरू होत नव्हती. दसऱ्याला झेंडूचा हार घालून घेई आणि गप्प उभी राही.

म्हणून त्यांनी बाबालाल मेस्त्रींना फोन केला. बाबालालचे वडील आबांचे मेस्त्री, आणि बाबालाल आता चौऱ्याहत्तरचे. पंधरा मिनिटांत ते स्कूटरवर आले. आधी अंगणातल्या नव्या जयवंतरावांभोवती एक फेरी मारली. कपाळावर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं.

"पत्रा लई पातळ हाय," ते म्हणाले. "ह्ये उघडतंय कुठनं?"

"उघडत नाही, मेस्त्री."

"मग दुरुस्त कसं करायचं?"

"करतच नाहीत."

"आरारा," बाबालाल म्हणाले. त्यांना नव्या जयवंतरावांची खरोखर दया आली. त्यांनी फडक्यानं त्यांचा खांदा पुसला.

वैजयंताबाईंनी ताडपत्री ओढली आणि स्टीअरिंगच्या चाकामागे बसल्या. चोक ओढला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. गाडीनं ऐकलंच नाही. मग बाबालालनी समोरून हँडल घातलं, एकदा अर्धा फेरा, एकदा पूर्ण, आणि इंजिनानं असा काही आवाज काढला की पत्र्याच्या शेडवरची धूळ खाली आली. पेट्रोलचा, तेलाचा, तापल्या कातड्याचा वास सुटला. वैजयंताबाईंनी तो नाकभर ओढून घेतला.

"हात दावा बघू, ताई," बाबालाल एकदम म्हणाले. त्यांनी मनगट उलटंसुलटं केलं. "भाजल्याला डाग कुठं गेला?"

"गेला. कोरफडीनं."

"डाग जात नसतोय, ताई."

शेडच्या कोनाड्यातला आबांचा लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर काढून त्यांनी वैजयंताबाईंच्या मांडीवर ठेवला. "ऱ्हाऊ द्या जवळ. ऐकाय लागंल."

नवे जयवंतराव तीन पावलांवर उभेच होते. त्यांना मागे ठेवून जायची सोय नव्हती, ते हायवेवरही तीन पावलांनी पळत आले असते. आणि शेजारची सीट तर जुन्यांसाठी हवी. बाबालालनी गाडीच्या पाठीवरचं झाकण मागे उलटं उघडलं. आत सामान ठेवायची जागा नव्हती, उघड्या आभाळाखालची दोघांची बैठक होती.

"हीच खरी डिकी," ते म्हणाले. "हल्लीचे लोक त्यात पिशव्या कोंबत्यात."

नवे जयवंतराव डिकीत बसले आणि पट्टा शोधू लागले. पट्टा नव्हता. ते कागलच्या रस्त्यापर्यंत टिंग टिंग वाजत राहिले.

पण काय सुख होतं त्या चालवण्यात! जमीन हाताला कळत होती. खड्डा आला तर गाडी तो लपवत नव्हती, आला म्हणून सांगत होती. उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना इंजिन असं मोकळं गायलं की ट्रॉलीवाल्यानं पटका काढून हलवला. रस्त्याच्या कडेला जागोजागी दोन-दोन वर्षांच्या गाड्या चिपाडासारख्या वाळून पडल्या होत्या आणि त्यांचे मालक शेजारी उभे राहून नवी मागवत होते. त्यांच्यामधून ऐंशी वर्षांची टू-सीटर ताठ मानेनं गेली. वैजयंताबाईंच्या डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं, आणि थोडं वाऱ्याशिवायही.

फक्त गिअर दोनदा किंचाळला. दुहेरी क्लच कसा दाबायचा हे त्यांना पाठ होतं, पण पायाला माहीत नव्हतं. आबांच्या लेकीकडून हे व्हायला नको होतं, एवढं त्यांच्या मनात आलं आणि त्या पुढे गेल्या.

यार्डाच्या फाटकात एक बाई बाजेवर बसून शेंगा सोलत होती. तिनं टू-सीटरकडे पाहिलं आणि न विचारता फाटक उघडलं. साडेतीन झाले होते.

आत मैदानभर सीट मांडल्या होत्या. गाडीतून काढलेल्या नुसत्या सीट, ओळीनं, उन्हात. प्रत्येकीवर एक नवरा पट्टा लावून बसला होता. काही पत्ते खेळत होते, काही राजकारणावर बोलत होते, एक जण शेजाऱ्याला आपली गाडी किती देते ते सांगत होता. सगळ्यांचे शर्ट निळ्या चौकड्यांचे होते. सगळ्यांना मिशी होती. मैदानाच्या टोकाला प्रेस उभा होता आणि त्याचा जबडा सावकाश वर चालला होता.

"ह्यातला माझा कोणता?" वैजयंताबाईंनी विचारलं.

"मला काय म्हाईत," शेंगावाली म्हणाली. "तुमचा आवाज तुमाला म्हाईत."

तेव्हा त्यांना मांडीवरचा स्क्रू-ड्रायव्हर आठवला. इंजिनात कुठे काय वाजतंय ते शोधायला आबा त्याचं टोक इंजिनाला लावत आणि मूठ कानाला. वैजयंताबाई पहिल्या ओळीपासून सुरू झाल्या. टोक छातीला, मूठ कानाला. पहिल्याच्या छातीत सायकलच्या चेनसारखी खरखर होती. दुसऱ्याच्या आत कुणीतरी सारखं "बघतो, करतो, बघतो, करतो" म्हणत होतं. एकाच्या छातीत इतकं शांत होतं की त्यांनी त्याचा चष्मा नीट करून दिला. एक म्हणाला, "बाई, माझी आली नाही का?" त्यांना त्याच्याकडे बघवलं नाही. "येतील," त्या म्हणाल्या. प्रेसचा जबडा वर पोचला होता आणि थांबून वाट बघत होता.

शेवटून दुसऱ्या ओळीत त्यांनी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आत एक ठोका नीट, एक जरा उशिरा, मग घसा खाकरल्यासारखा एक, आणि या सगळ्याच्या तळाशी, अगदी हळू, असू दे की, असू दे की.

"अहो," वैजयंताबाई म्हणाल्या.

"आलीस व्हय?" जयवंतराव म्हणाले. त्यांनी पाय हलवला आणि डावा गुडघा वाजला. "बस की. शेंगा खा."

त्या खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवणार होत्या. पण शेंगांचा कागद जयवंतरावांच्या हातात नव्हता. तो शेजारच्या सीटवरच्या बाईच्या हातात होता. अख्ख्या मैदानात ती एकच बाई होती. तिचे केस पांढरे झाले होते, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती, आणि ती वैजयंताबाई होती.

"ही इथं तीन वर्षं बसलीय. बायकांचा लॉट भरत नाही म्हणून प्रेसला घेत नाहीत," जयवंतराव म्हणाले. "आल्या आल्या मला म्हणाली, कुठं होता इतके दिवस? मी काय सांगणार? मी म्हटलं, घरी."

वैजयंताबाईंनी त्या बाईचं डावं मनगट पाहिलं. डाग तिथे होता. रेडिएटरच्या टोपणाएवढा, कडेला दातेरी.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"पांढऱ्या गाडीची एअरबॅग फुकट बदलून दिली होती बघ. तेव्हा डाव्या बाजूची असेंब्ली," ती बाई म्हणाली. "वेटिंग रूममध्ये कंटाळा आला म्हणून गाडीतच डुलकी काढली."

"आणि तुम्हाला कळलं नाही?" वैजयंताबाईंनी नवऱ्याला विचारलं.

जयवंतरावांनी मान खाली घातली. "तू दोन दिवस गप्प गप्प होतीस. मला वाटलं, रागावलीस. मग बोलायला लागलीस, मला वाटलं, राग गेला." त्यांनी गुडघा चोळला. "मी घरी ओवाळलं नव्हतं गं तुला. पण परतही नाही नेलं."

वैजयंताबाईंना आपल्या मनगटावर उन्हात एक बारीक चकाकती कड दिसली. ती आज पहिल्यांदा दिसली असं त्यांना म्हणता येईना. त्यांनी ती पदराखाली घेतली. इतकं दूर, इतकं धावून, त्या कुणाचा नवरा सोडवायला आल्या होत्या?

भोंगा वाजला. चार.

ती दुसरी पट्टा सोडून उठली. उठताना "आई गं" म्हणाली, दोन्ही गुडघ्यांना हात लावला, आणि सरळ टू-सीटरपाशी जाऊन तिच्या बॉनेटवर तळवा ठेवला. "आबांची गाडी आणलीस," ती म्हणाली. ती चाकामागे जाऊन बसली. मग म्हणाली, "मी चालवतो. सर तिकडं."

कोल्हापुरात बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात, तशी म्हणाली. हा ठेका आपण कधी सोडला, वैजयंताबाईंना आठवेना. तिनं बटण दाबलं आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

शेंगावाली फाटकात आडवी उभी राहिली होती. "दोन निघाले तर दोन ठिवावं लागंल," ती म्हणाली आणि तिनं डिकीतल्या नव्या जयवंतरावांकडे पाहिलं, मग वैजयंताबाईंकडे. हिशेब बरोबर होता, आणि त्यांचा पाय मैदानाकडे वळलाही होता.

"हे दोघं अजून वॉरंटीत आहेत," चाकामागची म्हणाली. "वॉरंटीतला माल भंगारात घेता व्हय तुम्ही?"

शेंगावालीनं हातातली टरफलं झटकली. ती बाजूला झाली.

"बस गं डिकीत," चाकामागची म्हणाली. "दोघं मावतात."

परतीच्या वाटेवर टू-सीटर अशी चालली की ती बांधणाऱ्यांनी ज्याच्यासाठी बांधली ते हेच असणार. गिअर एकदाही ओरडला नाही. पुढे जयवंतराव जोरजोरात सांगत होते की नव्या गाडीत एसी असतो, आणि ती त्यांना तोंड मिटून घ्यायला सांगत होती, आणि दोघं हसत होती. मागे डिकीत, वाऱ्यात, नव्या जयवंतरावांचं प्लास्टिक फडफडत होतं. वैजयंताबाईंनी त्यांचा हात धरला. तो गार होता, पण काढून घेतला नाही त्यांनी. घर कुणाचं, चहाचं आधण कोण ठेवणार, याचा विचार करायचा त्यांना धीर होत नव्हता.

हायवेला चढायच्या उतरणीवर, म्हणजे येताना जी उतरण होती आणि आता चढ होता तिथे, गाडी तापली. नाकातून पांढरी वाफ निघू लागली. ती कडेला थांबवली गेली. चाकामागची कण्हत उतरली आणि पदराचं टोक हाताला गुंडाळू लागली.

वैजयंताबाई डिकीतून उडी मारून पुढे आल्या.

"थांबा. टोपण मी काढते."

"पदर गुंडाळ मग. भाजशील."

"माहीत आहे."

त्या दुसरीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग गुळगुळीत मनगटाकडे. तिनं आपला पदर सोडला आणि एक पाऊल बाजूला झाली.

"अगं, पण..." जयवंतराव म्हणाले. मग म्हणाले, "असू दे की."

"इंजिनाचं तापमान जास्त आहे," डिकीतून आवाज आला. "कृपया अधिकृत केंद्राशी संपर्क साधा."

वैजयंताबाईंनी बांगड्या कोपराकडे सारल्या आणि उघडा हात टोपणावर ठेवला. मनगटावरची चकाकती कड आधी आक्रसली, मग वळली. त्यांनी टोपण फिरवलं.